पापडाच्या रांगेतले हातमोजे

आम्ही पापड करत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गेल्या वर्षी त्या औद्योगिक प्रदर्शनाच्या मांडवात मी दिवसभर हे एकच वाक्य बोलत होते. गिऱ्हाइकाला, स्वयंसेवकाला, फोटो काढायला आलेल्याला, आणि शेवटी शेवटी स्वतःलाच. पापड नाही, लोणचं नाही, सांडगे नाहीत. आम्ही हातमोजे शिवतो. फौंड्रीत तापलेल्या लोखंडाशी ज्यांचा संबंध येतो, ते कामगार घालतात ते. जीन्सचं जाड कापड, तळव्याला दोन पदर, मनगटाच्या वरपर्यंत लांब.

आम्ही म्हणजे गडमुडशिंगीतल्या आठ बायकांचा बचत गट. मी त्या आठांत नाही, मला सरळ शिलाईही मारता येत नाही. कॉलेजात असताना फीवाढीविरुद्ध, बसपासाच्या दरवाढीविरुद्ध, गावातल्या तुंबलेल्या गटारींविरुद्ध पत्रकं लिहून लिहून माझा हात बसला, तो गटाच्या कामी येतो. अर्ज, तक्रारी आणि भांडणं ही खाती माझ्याकडं. शिलाई, कापड आणि मला गप्प बसवणं ही आत्तीकडं. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. नवरा गेल्यावर ती एक शिलाई मशीन घेऊन माहेरी आली, आणि त्या एका मशीनभोवती तिनं हा गट उभा केला.

आमचा सगळा माल एक पुरवठादार उचलायचा. टेम्पो दारात यायचा, गठ्ठे घेऊन जायचा. शिरोली एमआयडीसीत तो कुणाला देतो हे त्यानं कधी सांगितलं नाही. दिवाळीनंतर एकदा टेम्पोतून उतरलाच नाही, खिडकीतूनच म्हणाला, "मावशी, बाहेरनं मशीनवरचा माल यायलाय. संक्रांतीपतूर तुमचं घेतो, म्होरं काय जमायचं न्हाय."

झालं. इतकी वर्षं माल दिला आणि निरोप खिडकीतून.

गडमुडशिंगीपासून शिरोली काही परदेशात नाही. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तिथं शिफ्टला जातात. पण शिफ्टला जाणारं पोरगं मालकाला काय सांगणार, माझ्या आईनं शिवलेले हातमोजे घ्या म्हणून? आत्ती आणि मी स्वतः गेलो होतो. प्रत्येक फाटकावर वॉचमन एकच विचारायचा, कुणाला भेटायचंय, नाव सांगा. नाव माहीत असतं तर फाटकावर कशाला उभ्या राहिलो असतो? म्हणजे प्रश्न साधा होता. संक्रांतीपर्यंत शिरोलीतली एक तरी फौंड्री थेट मिळवायची, नाहीतर आठही मशिनांवर चादर टाकायची.

तेवढ्यात प्रदर्शनाची जाहिरात आली. शहरातल्या मोठ्या मैदानावर चार दिवस, जिल्ह्यातले उद्योग एका छताखाली, स्थानिक उद्योजकांना हक्काचं व्यासपीठ. मीच आत्तीला म्हणाले, हे आपल्यासाठीच आहे. फाटकावर जो माणूस भेटत नाही तो तिथं आपल्या समोरून चालत जाईल. आत्ती म्हणाली, "चालत जाईल, पण थांबंल व्हय?" तरी आम्ही अर्ज केला.

अर्जात मी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, कामगार सुरक्षा साहित्य. जागा वाटायच्या दिवशी संयोजकाच्या टेबलापुढं उभी राहिले, तर स्टॉल तीन नंबरच्या मांडवात. एक नंबरात यंत्रं, फौंड्रीवाले, सुट्या भागांचे कारखाने. दोन नंबरात गाड्या, सोलर, बँका. तीन नंबर म्हणजे खाद्य आणि महिला गृहउद्योग.

"आमचं एक नंबरात पाहिजे," मी म्हणाले. "फौंड्रीवाले तिथं हायत."

संयोजक भला माणूस दिसत होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. छातीवर बिल्ला, हातात चहाचा कप. "ताई, तुमचा बचत गट हाय न्हवं?"

"हाय."

"महिला हायत न्हवं?"

"हायत की."

"मग महिला मांडव. लेडीज टॉयलेटबी तिकडंच ठेवलंय, सगळी सोय बघून केलंय."

"पण हे गृहउद्योगात बसतंय कसं? तुमच्या घरात लोखंड वितळवता काय?"

त्यानं चहाचा घोट घेतला आणि पाठीमागच्या माणसाला म्हणाला, "ह्या ताई लई बोलत्यात बघा." पाठीमागचा माणूस हसला. रांग पुढं सरकली. मी नाही सरकले, तर रांग माझ्या बाजूनं सरकली.

मला आजही राग येतो तो याचा. त्यांनी आम्हाला नाकारलं असतं तर मी पत्रक काढलं असतं, दहा लोकांच्या सह्या घेतल्या असत्या. त्यांनी नाकारलं नाही. आमची सोय केली. बाई दिसली की तिच्या हातात लाटणंच असणार, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की हातातला हातमोजा दिसलाच नाही.

पहिल्या दिवशी सकाळी माल मांडून बसलो. पण पाहुणे येऊन फीत कापेपर्यंत एकाही स्टॉलवर विक्री करायची नाही, असा हुकूम होता. पाहुण्यांना उशीर झाला. मग त्यांना फेटा बांधला. मग त्यांच्याबरोबर आलेल्यांना फेटे बांधले. फेटा बांधणारा एकच होता आणि डोकी पुष्कळ होती. तोवर लोक स्टॉलसमोर येऊन, झाकलेला माल बघून, परत जात होते. माईकवर कुणीतरी महिला सक्षमीकरणावर बोलत होतं आणि आम्ही सक्षम महिला माल झाकून गप्प बसलो होतो.

आमच्या डाव्या बाजूला पेठ वडगावची एक बाई होती. तिच्या घरची तीन पिढ्यांची बेकरी. नवरा दुकान बघत होता, ही नानकटाई आणि खारी घेऊन एकटी आली होती. गॅसवरची लहान भट्टी आणली होती, तिथंच ताजं भाजून द्यायची. आत्तीनं पहिल्या तासातच तिला भाभी करून टाकलं आणि ती आत्तीला आक्का म्हणायला लागली. फीत कापून झाली, भट्टी पेटली, आणि भाभी जुन्या फडक्याची घडी करून तापलेला ट्रे ओढायला लागली. दुसऱ्याच ट्रेला फडकं घसरलं. तिनं नुसतं "हूं" केलं आणि बोटं पाण्यात बुडवली.

आत्तीनं आमच्या ढिगातला एक जोड उचलून तिच्या टेबलावर टाकला. "घाल."

"आक्का, विकायचा माल हाय त्यो."

"घाल म्हंतो न्हवं. कोण घ्यायला बसलंय हितं?"

त्या दिवसापासून भाभी आमचे हातमोजे घालूनच भट्टीत हात घालायची. त्या बदल्यात आमच्या टेबलावर नानकटाईची बशी कायम. ओट्यावरच्या दोन शेजारणींसारखं त्यांचं सुरू झालं. कुणी जेवायला गेलं की दुसरीनं दोन्ही स्टॉल बघायचे.

बाकी विक्रीचं म्हणाल तर, एका बाईनं विचारलं, मायक्रोवेव्हला चालतील काय. एक गृहस्थ म्हणाले, थंडीचे असतील तर बारक्या मापाचे दाखवा, नातवाला शाळेला पाहिजेत. एका काकूंनी जोड उचलून वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यात मसाला ठेवला हुतासा काय?" ठेवला नव्हता. उजव्या बाजूला कांदा-लसूण चटणीचा स्टॉल होता, सगळा मांडवच त्या वासाचा झाला होता. फौंड्रीला जायचा माल, आणि चटणीचा वास. मी चिडून म्हणाले, तर आत्ती म्हणाली, "असू दे. कामगाराला भूक तरी लागंल."

मी गप्प बसणारी नाही. दुसऱ्या दिवशी पाच-सहा जोड पिशवीत घालून सरळ एक नंबरात घुसले. तिथं काय थाट! खाली गालिचा, वर झगमगते दिवे, यंत्रं चालू, प्रत्येक स्टॉलवर बसायला खुर्च्या. आमच्याकडं खाली मुरूम होता. लोखंडाचे ओतीव भाग करणाऱ्या एका कास्टिंगवाल्याच्या टेबलावर मी जोड ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं, तोवर मागून स्वयंसेवक आला. स्टॉलधारकांनी आपली जागा सोडून दुसऱ्या दालनात प्रचार करायचा नाही, असा नियम आहे म्हणे. मी विचारलं, नियम कुठं लिहिलाय. तो म्हणाला, "ताई, चला की आता." त्या कास्टिंगवाल्यानं माझा जोड परत माझ्या पिशवीत घातला, अगदी अदबीनं. अदबीनं बाहेर काढलेल्या माणसाला ओरडताही येत नाही.

मला विचारा, प्रदर्शन कशाला भरवतात? मी प्रदर्शनाच्या विरोधात नाही. असते तर त्यात जागेसाठी एवढी भांडले कशाला असते? ज्याला वस्तू लागते तो आणि जो ती करतो तो, दोघं एकाच जिल्ह्यात, एका बसच्या तिकिटाच्या अंतरावर राहतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. मध्ये फाटक असतं, वॉचमन असतो, टेम्पोवाला असतो. चार दिवस ही सगळी फाटकं उघडी ठेवायची, एवढंच प्रदर्शनाचं काम. आणि ह्यांनी काय केलं? मैदानावर नवी फाटकं बांधली आणि त्यांना एक, दोन, तीन नंबर दिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी खरेदीदार आणि विक्रेत्यांची बैठक होती. ती एक नंबरात. मोठ्या कारखान्यांची खरेदी बघणारी माणसं एका बाजूला, माल देणारे दुसऱ्या बाजूला, आणि प्रत्येकाला बोलायला मिळणार. आम्ही ज्याच्यासाठी आलो होतो ते हेच. आत्तीनं सकाळी नवीकोरी साडी नेसली होती, चांगले जोड वेगळे काढून इस्त्री केली होती. हातमोज्यांना इस्त्री! मी हसले तर म्हणाली, "तू गप. बघायला येतंय त्याला आदी घडी दिसती."

बैठकीची वेळ झाली आणि माईक कडाडला. "सर्व सुवासिनी भगिनींना विनंती, मुख्य मंचासमोर हळदी-कुंकवाचा कार्यक्रम सुरू होत आहे. महिला उद्योजक भगिनींनी स्टॉल बंद करून उपस्थित राहावं. प्रत्येकीला वाण मिळेल."

बरोबर त्याच वेळेला. मुद्दाम ठेवलं असतं तर निदान कुणीतरी आमचा विचार केला असं तरी झालं असतं. कुणी विचारच केला नव्हता. बैठक पुरुषांची, हळदी-कुंकू बायकांचं, मग दोन्ही एकदम ठेवायला हरकत काय, असा तो साधा सरळ हिशेब.

तीन नंबरचा मांडव बघता बघता रिकामा झाला. चटणीवाल्या गेल्या, शेवयावाल्या गेल्या, स्टॉलवर साड्या आणि ओढण्या टाकून सगळ्या गेल्या. आमच्या गटातल्या दोघी त्या दिवशी आल्या होत्या, त्याही उठल्या. मी त्यांना म्हणाले, "बैठक सोडून वाणाला जाताय?" त्यातली एक म्हणाली, "बैठकीला आमाला कुणी बोलीवलंय? हितं निदान माईकवर बोलीवलंय." आत्ती म्हणाली, "जावा गं. डबा मिळंल. हिचं काय ऐकताय."

राहिल्या दोघीच. आत्ती, कारण सुवासिनींना बोलावलं होतं आणि ती विधवा. आणि भाभी, कारण ती मुसलमान, त्या कुंकवात तिला कोण धरणार होतं? कुणी त्यांना येऊ नका म्हणालं नाही. तसं कुणी म्हणत नसतंच. आमच्या जिल्ह्यात गावोगाव ग्रामसभांनी ठराव केलेत, विधवांना मान द्यायचा म्हणून. ठराव ग्रामपंचायतीत राहिला आणि माईक मैदानावर बोलत राहिला.

माझं डोकं फिरलं. मी तडक मंचाकडं गेले. संयोजक तिथंच होता, वाणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यांच्या ढिगाशेजारी.

"हे पुढं ढकला," मी म्हणाले. "तिकडं बैठक चाललीय. ह्या बायकांनी पण धंदा आणलाय, त्यांना तिकडं बसवा."

"ताई, भगिनींसाठी हा वेगळा कार्यक्रम ठेवलाय की आपण."

"कुंकू लावून ऑर्डर मिळती व्हय?"

"असं कसं बोलताय सणासुदीला?"

"मग बैठकीच्या दारावर तरी सांगा, आमच्या आत्तीला आत सोडा."

"त्यांचं नाव यादीत हाय काय? सकाळी द्यायचं हुतं. आता मी काय करू?"

मी ओरडले. मला ओरडल्याचं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की माझ्या ओरडण्यावर माईकचा आवाज चढत गेला आणि पुढं बसलेल्या बायका, ज्यांच्यासाठी मी भांडत होते त्याच, माझ्याकडं बघून म्हणत होत्या, कुणाची हो ही पोरगी? एकीनं माझ्याही कपाळाला बोट लावलं आणि हातात डबा दिला. डबा घेऊन मी परत निघाले. हरलेल्या माणसाला वाण मिळालं होतं.

परत आले तर आमच्या स्टॉलसमोर चार-पाच पुरुष उभे. एकाचा हात आमच्या हातमोज्यात मनगटाच्या वरपर्यंत गेलेला, आणि त्या हातात भाभीचा तापलेला ट्रे. भाभी ओरडत होती, "ओ पावणं, तिरपा धरू नगा, माझी नानकटाई खाली पडंल!"

झालं होतं ते असं. बैठकीत पाहुण्यांची भाषणंच संपेनात. शिरोलीच्या एका फौंड्रीतली माणसं कंटाळून चहा शोधत बाहेर पडली. मैदानभर बघितलं तर खाण्याचे सगळे स्टॉल साड्या पांघरून झोपलेले. उघडे दोनच, आणि त्यातल्या एकाचा भाजका वास पार बाहेरपर्यंत. म्हणून ती तिथं आली. भाभीनं ट्रे ओढला, तेव्हा त्यातल्या सुपरवायझरचं लक्ष नानकटाईवर नव्हतं, हातावर होतं.

हे मला आत्तीनं आणि भाभीनं मिळून सांगितलं. दोघी एकमेकींचं वाक्य तोडत होत्या.

"त्यो म्हणाला, भाभी, हे हँडग्लोज कुठल्या कारखान्यातनं आणलं?" भाभी.

"मी म्हटलं, आणलं कुठनं, हितं बाजूलाच हायत," आत्ती.

"न्हाय, ते मी म्हटलं. आक्का, तुमी तवा पाणी पीत हुता."

"बरं, तू म्हटलंस. मग त्यो मला म्हणाला, मावशी, हे तुमी शिवता?"

"आणि आक्का म्हणाल्या, न्हाय, आमी लाटतो!"

यावर दोघी इतक्या हसल्या की पुढचं ऐकायला मला थांबावं लागलं. मी तिकडं घसा फोडून आले होते आणि इथं ह्या हसत होत्या.

सुपरवायझरची तक्रार एकच होती. त्यांच्याकडं सध्या जे हातमोजे येतात त्यांचा अंगठा लवकर उसवतो. आत्तीनं त्याला आमच्या जोडाचा अंगठा ओढून बघायला सांगितला. त्यानं ओढला, मग त्याच्याबरोबरच्यानं ओढला. मग म्हणाला, "भट्टीत ह्या भाभी हे किती दिस घालत्यात?" भाभी म्हणाली, "पयल्या दिवसापास्नं. सकाळ ते सांज. मी खोटं कशाला बोलू, माझा काय माल न्हाय त्यो." आत्तीचं म्हणणं, या एका वाक्यानं काम झालं. आपल्या मालाचं कौतुक सगळेच करतात. शेजारणीनं केलं की माणूस ऐकतो.

"सोमवारी शिरोलीला या," तो म्हणाला. "फाटकावर माझं नाव सांगा." नाव! एवढ्यासाठी आम्ही किती फाटकांवरून परत आलो होतो.

चौथ्या दिवशी समारोप. ही बातमी कुणीतरी संयोजकाच्या कानावर घातली असावी. दुपारी माईकवर आत्तीचं नाव आलं, यशस्वी महिला उद्योजक म्हणून सत्कारासाठी मंचावर यावं. त्या वेळी भाभी जेवायला गेली होती आणि आत्ती भट्टीपाशी बसून तिच्या खारीवर लक्ष ठेवून होती. नाव पुन्हा आलं. मी म्हणाले, "जा, आणि माईक हातात आला की चार शब्द सुनाव. तू सुनावणार नसलीस तर मी येते."

"खारी करपंल," आत्ती म्हणाली आणि जागची हलली नाही. तिसऱ्यांदा नाव घेऊन माईक थकला आणि पुढच्या नावाकडं वळला.

मग संयोजक स्वतः शाल आणि नारळ घेऊन आला, बरोबर फोटोवाला. माझ्याकडं बघून हसला. मनापासून हसला, हे लक्षात घ्या. "बघा ताई, मी म्हणत हुतो की न्हाय? महिला मांडवामुळंच ऑर्डर मिळाली. तुमी उगंच भांडत हुता."

आम्हाला चुकीच्या जागी बसवलं, योग्य जागी जाऊ दिलं नाही, बैठकीच्या वेळी बायकांना कुंकवाला नेलं, त्यातही ज्या दोघींना वगळलं त्या मागं राहिल्या म्हणून काम झालं. आणि ह्या सगळ्याचं श्रेय मांडवाला! भिंतीला डोकं आपटून माणूस शुद्धीवर आला, तर भिंत सत्कार मागायला येते.

शाल कुठं ठेवावी म्हणून तो भाभीच्या टेबलाकडं वळला. आत्ती म्हणाली, "तिथं नगा ठेवू पावणं, तिथं गरम ट्रे ठिवतो आमी." तो शाल हातात घेऊन उभा राहिला. फोटोवाल्यानं फोटो काढला तो तसाच. पुढं छापून आला तेव्हा खाली ओळ होती, महिला दालनातून उद्योगांना थेट पुरवठा. फोटोत आत्ती भट्टीकडं बघत होती.

सोमवारी आम्ही शिरोलीला गेलो. वॉचमननं पिशवी बघून विचारलं, "कँटीनचं काय आणलंय?" आत्तीनं सुपरवायझरचं नाव सांगितलं आणि फाटक उघडलं. खरेदीच्या साहेबांनी दोन जोड घेतले, कास्टिंग घासून साफ करणाऱ्या कामगारांना वापरायला दिले, महिनाभरानं सांगतो म्हणाले. त्या महिन्यात पुरवठादाराचा टेम्पो आला नाही आणि मशिनांवर खरोखरच चादरी पडल्या. आत्ती रोज त्या झटकायची आणि परत घालायची. महिना संपला तरी निरोप नाही. मी फोन करायला निघाले तर म्हणाली, "अंगठा टिकला असंल तर करतील त्येच. न्हाय टिकला तर तू फोन करून त्यो शिवणार हाईस?"

फोन आला. अंगठा टिकला होता. पण त्यांना पायावर बांधायची जाड कॅनव्हासची पट्टीही हवी होती, ठिणग्या उडतात म्हणून, आणि तसलं कापड आमच्याकडं नव्हतं. आत्तीनं दुसरा फोन भाभीला केला. भाभीच्या दिराचं पेठ वडगावच्या बाजारात ताडपत्रीचं दुकान. त्याच आठवड्यात कापड आलं, बरोबर नानकटाईचा पुडाही.

माल पोचवायला गेलो त्या दिवशी सुपरवायझरनं आत्तीला आत नेऊन दाखवलं. लाल लोखंड साच्यात ओतत होते. आत्ती इतकी वर्षं हातमोजे शिवत होती, ते कुठं जातात हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. परत येताना रिक्षात म्हणाली, "मनगटाला अजून दोन बोटं वाढवायला पायजेत." मशिनांवरच्या चादरी तिनं त्या दिवशी धुवून कपाटात ठेवल्या.

मग मी कशाला रागावलेय, असं मला घरात सगळेच विचारतात. काम झालं की! पण झालं ते अपघातानं. त्या मांडवात आणखी किती जणी होत्या. एक बाई खोक्यात घालायचे पुठ्ठ्याचे कप्पे करायची, तेही कारखान्यांनाच लागतात. तिचा स्टॉल लोणच्यांच्या रांगेत होता आणि ती वाण घ्यायला गेली होती. तिच्यासमोर कोण थांबलं? नशिबानं भेट व्हायची असेल तर मैदान भाड्यानं घेऊन, फेटे बांधून, फिती कापायची गरज काय? रस्त्यावर उभं राहिलं तरी नशिबानं भेट होते.

यंदा पुन्हा जाहिरात आलीय. मी पत्रक लिहिलंय, मैदानाच्या फाटकावर वाटणार आहे. त्यात मागण्या आहेत: स्टॉल मालावरून वाटा, बाई की पुरुष यावरून नाही, बैठकीच्या वेळी दुसरा कार्यक्रम ठेवू नका, हळदी-कुंकू करायचं तर आपापल्या घरी करा. आत्तीनं वाचलं आणि म्हणाली, शेवटची ओळ काढ, बायका चिडतील. मी काढली नाही. चिडू देत. मीही चिडलेच आहे.

अर्ज आत्तीनं या वेळी स्वतः नेऊन दिला. परत आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली. संयोजक म्हणाला म्हणे, मावशी, तुमचं आता नाव झालंय, तुम्हाला एक नंबरात देतो. आत्ती म्हणाली, द्या, पण शेजारी पेठ वडगावची भाभी पाहिजे. तो म्हणाला, ते कसं जमेल, त्या खाद्यपदार्थात, भट्टी एक नंबरात चालत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मी म्हटलं, हातमोजा घातलेला हात लोकांनी कुठं बघायचा मग?" आत्तीनं चप्पल काढली. "तुझ्या पत्रकात जागा हाय काय अजून? हे बी घाल."

जागा नव्हती. मी समासात लिहिलं.